पितळी देव्हाऱ्यातलं मशीन

आमचे मामंजी बाळाप्पा यांना सगळं कुरुंदवाड 'भांडीवाले अप्पा' म्हणून ओळखायचं. पितळेच्या घागरीवर बोटाची टिचकी मारायची, कान द्यायचा, आणि पत्रा जाड की पातळ ते सांगायचं. गुडघे धरले तसं दुकान पुतण्याकडं सोपवून अप्पा आणि अव्वा आमच्याकडं राजारामपुरीत राहायला आले. येताना देव्हारा तेवढा आणला. सागवानी, आतून-बाहेरून पितळी पत्र्यानं मढवलेला, दारंसुद्धा पितळेचीच. टेम्पोतून उतरवताना हमाल म्हणाला, "पावणं, तिजोरी हाय का काय?"

"व्हय, तिजोरीच हाय की," अप्पा म्हणाले.

ते काही खोटं नव्हतं. घरात नवी वस्तू आली की आधी देवाजवळ, आणि जी जिवापाड जपायची ती कायमची तिथंच, हा अप्पांचा नेम. आमच्या ह्यांची मोटरसायकल आत मावेना, तर तिची किल्ली रात्रभर देवापुढं होती.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाई शांतादेवींना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मागच्या खोलीतली कॉट हेच त्यांचं जग झालं. त्याच वर्षी अमेरिकेत माझ्या दिरांना, महांतेश भावोजींना मुलगी झाली, शांभवी. आमच्यात बाळाच्या गळ्यात छोटं शिवलिंग बांधतात. अव्वांनी पडल्या पडल्या डाव्या हातानं विभूती लावून लिंग, दोरा आणि ते ठेवायची चांदीची डबी पाठवली. भावोजींनी फोटो धाडले, ते त्यांनी बाजूला सारले. "फोटोतलं डोळं हलत न्हाईत. मला कूसूच्या गळ्यात लिंग बांधताना बघायचंय." कूसू म्हणजे बाळ. माहेरचा कानडी शब्द त्यांनी कधी सोडला नाही.

भावोजींनी मित्राबरोबर लॅपटॉप पाठवला आणि इंटरनेट घेऊन वायफायचं बिनतारी मशीन बसवायला सांगितलं. अप्पा कामाला लागले. टेलिफोनची तार हॉलमधून देवघरापर्यंत ओढून घेतली. मशीनला विभूती लावली, फूल वाहिलं, आणि ते देव्हाऱ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला तसे मला म्हणाले, "बघ सौंदर्या, ह्याचा बी नंदादीप हाय." लिंग बांधायच्या आदल्या दिवशी सकाळी पूजा चालू असताना त्यांनी देवघरातच लॅपटॉप लावून बघितला. शांभवी स्वच्छ दिसली, जांभई देताना. अप्पा हसून हसून बेजार.

लिंग बांधायच्या दिवशी पूजा आटोपली. उंदीर प्रसाद खातात म्हणून देव्हाऱ्याची दारं रोजच्यासारखी लावून घेतली. लॅपटॉप अव्वांच्या कॉटजवळ स्टुलावर ठेवला. आवाज तुटक तुटक येऊ लागला. भावोजींचा शर्ट दिसला, जाऊबाईंच्या बांगड्या दिसल्या, मग एक कोपर दिसलं आणि चित्र तिथंच थिजलं. अप्पा ओरडले, "थांब रे महांतेश! आत्ता बांधू नको!" पण तिकडं बांधून झालं होतं.

"काल तुम्ही बघितलासा," अव्वा म्हणाल्या. "माझ्या वाट्याला कोपर आलं."

अप्पांना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "अप्पा, तुमचं जुनं 'जी'वालं हाय. आता 'एन' आलंय. पाचपट स्पीड!"

"भिंतीतनं जातंय का?"

"भिंतीचं काय घेऊन बसलाय, शेजाऱ्याच्या घरात जातंय की!"

तीन शिंगांचं ते मशीन अप्पांनी हातात घेतलं, टिचकी मारली. "प्लॅस्टिकच हाय," असं पुटपुटले, पण घेतलं.

फोनवर भावोजी म्हणाले, "अप्पा, कशाला घेतलंसा? बाहेरनं येणारी लाईन बारीक असल्यावर घरात कितीबी रुंद नळ बसवा, पाणी तेवढंच येणार. एकमेकांचं तोंड बघायला जुनं मशीन बास होतं. ठेवलंय कुठं?"

"ठेवलंय चांगल्या जागी. तू त्याची काळजी करू नको."

भावोजींनी पुढं विचारलं नाही. चांगली जागा म्हणजे त्यांना उंच, मोकळी जागा वाटली असणार. अप्पांच्या लेखी चांगली जागा एकच होती. शिंगं मावेनात, तर ती हळूच वाकवून त्यांनी मशीन देव्हाऱ्यात बसवलं. नवीन म्हणून दोन फुलं जास्त वाहिली.

पुन्हा स्टूल मांडलं. या वेळी कोपरसुद्धा आलं नाही, नुसती खरखर. अव्वांनी डोळे मिटले. "राहू दे आता. कूसू चालत येईल तवा बघू." त्यानंतर अप्पा रोज पूजेनंतर विचारायचे, "लावू का गं?" आणि अव्वा डाव्या हातानं नको म्हणायच्या.

पुढच्या श्रावणात एका सोमवारी दुपारी अव्वा गेल्या. आमच्यात बसवून समाधी देतात. इतके महिने आडव्या असलेल्या अव्वा त्या दिवशी ताठ बसल्या होत्या. महांतेश भावोजी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं.

आंघोळ करून ते देवाला नमस्कार करायला गेले. मी तिथंच वाती वळत होते. त्यांनी देव्हाऱ्याची दारं उघडली आणि हात जोडायचे राहूनच गेले. खालच्या कप्प्यात मशीन, त्यावर विभूतीचे पट्टे, वाकलेल्या शिंगांत सुकलेली शेवंती. त्यांनी लॅपटॉप आणला, दारं लावून बघितलं, इंटरनेट गेलं; उघडून बघितलं, परत आलं. मग माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. सांगू नका, असं.

संध्याकाळी अप्पांनी विचारलंच. "एवढं जोराचं मशीन आणलं, तरी का चाललं न्हाय रे?"

"लाईन बारीक होती, अप्पा."

"माझं काय चुकलं न्हाय न्हवं?"

"न्हाय, अप्पा."

परत जाण्याआधी भावोजींनी मशीन मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. "आत गरम होतंय, इथं वारा लागंल," म्हणाले.

ते पोचल्यावर त्यांचा पहिला कॉल आला. अप्पा अव्वांच्या रिकाम्या कॉटवर बसले होते. लॅपटॉपवर शांभवी आली, आरशात दिसावी तशी. रांगत पुढं आली, गळ्यातली चांदीची डबी तोंडात घालून चावायला लागली. तेच मशीन, तीच बारीक लाईन. अप्पा हसले नाहीत. बराच वेळ बघत राहिले, मग भिंतीला धरून उठले आणि देवघरात गेले. मी मागोमाग गेले.

त्यांनी देव्हाऱ्याच्या दारावर टिचकी मारली. कान दिला. परत मारली.

"जाड हाय पत्रा," ते म्हणाले. "मीच निवडलेला."



त्या दिवसापासून अप्पा देव्हाऱ्याचं दार लावू देत नाहीत. रात्रीसुद्धा नाही. सकाळी प्रसाद कुरतडलेला असतो, वाती ओढून नेलेल्या असतात. काल मी म्हटलं, "अप्पा, उंदीर येतात हो."

"येऊ देत," अप्पा म्हणाले, आणि विभूतीची वाटी पुढं ओढली.