वॉल्टचा उजवा खांदा

वॉल्टने उजवा हात बाजूने वर न्यायला सुरुवात केली आणि खांद्याच्या उंचीवर येऊन तो हात थांबला. चेहरा शांत होता, पण मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"आणखी वर?" मी विचारलं.

"आज नाही," तो म्हणाला.

त्याच्या मागे त्याच्या कंपनीचा मॅनेजर हॅरिस उभा होता. पेशंटबरोबर मॅनेजर आला की समजावं, पेशंटपेक्षा त्यालाच जास्त घाई आहे.

"आमची कंपन्यांमधली बेसबॉल टूर्नामेंट जवळ आलीय," हॅरिस म्हणाला. "एक इंजेक्शन द्या आणि याला मोकळं करा."

"इंजेक्शन डॉक्टर देतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"मग डॉक्टरांना सांगा ना, सिस्टर."

"मी सिस्टरही नाही," मी म्हटलं आणि वॉल्टला टेबलावर झोपायला सांगितलं.

ऐंशीच्या दशकाची ही सुरुवातीची वर्षं. मी आणि माझा नवरा विल्सन, आम्ही दोघं वसईचे. तो बहरीनच्या राजधानीत, मनामाच्या एका हॉटेलात अकाउंट्स बघायचा, मी तिथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओ होते. माझे पेशंट म्हणजे पाठ धरलेले कामगार, फ्रॅक्चर झालेले ड्रायव्हर, पॅरालिसिसमधून उठणारे म्हातारे. खेळून पोट भरणारा माणूस माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता.

तसा आता तो खेळून पोट भरत नव्हता. सलमाबादला एका अमेरिकन बांधकाम कंपनीचा कॅम्प होता, तिथे तो सेफ्टी सुपरवायझर होता. पण त्याआधी दहाएक वर्षं तो बेसबॉलमधला व्यावसायिक पिचर होता. पिचर म्हणजे साधारण आपला बोलर. फरक एवढाच की तो धावत येत नाही, टप्पा टाकत नाही, आणि कोपर वाकवून सरळ फेकतो. क्रिकेटमध्ये त्याचा प्रत्येक चेंडू नो-बॉल ठरला असता.

उपचार रोजचे असले की माणूस बोलायला लागतो. वॉल्टही बोलू लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याला एका क्लबने उचललं. तिकडे सगळ्यात वर मोठी लीग, आणि तिच्याखाली पायऱ्यांसारख्या छोट्या लीग. बसने प्रवास, स्वस्त मोटेल, रोज मॅच. अशा पायऱ्या चढत तो वर पोचला आणि एक सीझन उत्तम गेला. त्याच्या गावातल्या लोकांनी पेट्रोल पंपावर त्याचा फोटो लावला. पुढच्या वर्षी खांदा दुखायला लागला आणि त्याला खाली पाठवलं. परत वर, परत खाली. शेवटी रिलीज केलं.

"रिलीज म्हणजे सुटका?" मी विचारलं.

"रिलीज म्हणजे उद्यापासून येऊ नकोस."

पण अजून सगळं संपलं नव्हतं. त्याचा एक जुना कोच आता एका छोट्या लीगच्या टीमकडे होता. वसंत ऋतूत ये, बघतो, असं तो म्हणाला होता. वॉल्टचं वय तिशीला टेकलं होतं. पुन्हा कोणी बघतो म्हणणार नव्हतं.

खांद्याची रचना वाचकांना थोडी सांगते. खांद्याचा सांधा बशीत ठेवलेल्या लिंबासारखा असतो. लिंबू मोठं, बशी उथळ. ते घरंगळू नये म्हणून चार छोटे स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात. जोरात फेकताना छातीचे मोठे स्नायू हात पुढे ढकलतात. पण चेंडू सुटल्यावर त्या हाताला ब्रेक लावायचा असतो, आणि तो ब्रेक मागचे हे छोटे स्नायू लावतात. वॉल्टने जिममध्ये छाती दणकट केली होती. इंजिन ट्रकचं होतं आणि ब्रेक सायकलचा.

आमचे ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. फौझी इजिप्तचे होते. बोलायला मोजके. त्यांनी एक्स-रे पाहिला, खांदा तपासला आणि म्हणाले, "आधी व्यायाम. इंशाल्ला म्हणणं माझं काम मिसेस परेरा, करून घेणं तुमचं."

मी वॉल्टचं फेकणं बंद केलं. सायकलची जुनी ट्यूब कापून दाराच्या कडीला बांधली आणि ती ओढायला लावली. अर्ध्या किलोचं वजन हातात दिलं. सहा फुटांपेक्षा उंच माणूस, आणि त्या एवढ्याशा वजनाने त्याचा हात थरथरत होता. शेजारच्या टेबलावरचे एक बहरिनी आजोबा ते बघून हसले. वॉल्टही हसला, पण त्याने वजन खाली ठेवलं नाही. तेव्हाच मला वाटलं, हा माणूस टिकेल.

हात वर जायला लागला. दुखणं कमी झालं. मी हलकं फेकायची परवानगी दिली आणि आठवड्यात तो परत आला. दुखणं जिथल्या तिथे.

डॉ. फौझी म्हणाले, "आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

त्या काळात असल्या ऑपरेशननंतर पुन्हा जोरात फेकता येईल याची खात्री कोणीच देत नव्हतं. वॉल्टला ते माहीत होतं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी याला इतके दिवस टेबलावर पाहिलंय. फेकताना एकदाही पाहिलं नाही. मला एक शुक्रवार द्या."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, विल्सनला घेऊन मी सलमाबादला गेले. कॅम्पच्या मागे रेतीचं मैदान होतं. विल्सन गावच्या टीमचा विकेटकीपर. आपले ग्लोव्ह्ज त्याने बहरीनलाही आणले होते, तेच घालून तो बसला. वॉल्टला मी निम्म्या जोराने फेकायला सांगितलं आणि बाजूला उभी राहिले. मग समोर. मग मागे. खांद्याकडे मी मुद्दाम बघितलंच नाही.

तेव्हा मला त्याचा डावा पाय दिसला. उजव्या हाताने फेकणारा डावा पाय पुढे टाकतो आणि सगळं अंग त्या पायावर तोलतो. वॉल्टचा पाय अर्ध्या वाटेतच पडत होता, तोही बाहेरच्या बाजूला. अंग अडायचं आणि उरलेला जोर एकटा खांदा काढायचा.

"घोट्याला कधी लागलं होतं?"

"डाव्या? तो कधीच बरा झालाय," तो म्हणाला. "बसमधून उतरताना मुरगळला होता. पहिल्या चांगल्या सीझननंतर."

"आणि खांदा कधी दुखायला लागला?"

"पुढच्याच वर्षी," तो म्हणाला. मग रेतीतच खाली बसला. "दहा डॉक्टरांनी माझा खांदा बघितला," तो हळूच म्हणाला. "बूट काढ असं कोणी म्हणालं नाही."

त्याचा घोटा पुढच्या बाजूला जेमतेम वाकत होता. सोमवारपासून खांद्याच्या पेशंटच्या पायावर काम सुरू झालं. डिपार्टमेंटमध्ये माझी थोडी चेष्टा झाली. मी ती होऊ दिली.

त्यातच टूर्नामेंटची फायनल आली. हॅरिस फिटनेसचा कागद घेऊन हजर झाला.

"एकच मॅच," तो म्हणाला. "हा माझ्या व्हिसावर आहे, विसरू नका."

"व्हिसा तुमचा आहे," मी म्हटलं. "खांदा त्याचा आहे."

डॉ. फौझींनी माझा रिपोर्ट वाचला आणि कागदावर 'नॉट फिट' लिहून सही केली. हॅरिस वॉल्टकडे वळला. "डॉक्टर काहीही लिहोत. तुला खेळायचंय की नाही? मग कॉन्ट्रॅक्टचा विचार मी करतो."

वॉल्ट टेबलावरून खाली उतरला. मग तो म्हणाला, "वरच्या लीगमध्ये असताना मला असंच विचारलं होतं. मी इंजेक्शन घेतलं आणि फेकलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी मला खाली पाठवलं." त्याने टेबलावरचा शर्ट उचलला. "या वेळी नाही. कॉन्ट्रॅक्टचं तुम्ही ठरवा."

फायनल कंपनीची टीम त्याच्याशिवाय जिंकली. हॅरिसने व्हिसाचं नाव पुन्हा काढलं नाही.

हिवाळा सरता सरता वॉल्टचा पाय सरळ आणि लांब पडायला लागला. आम्ही थोडं थोडं करत जोर वाढवला. एका शुक्रवारी त्याने पूर्ण ताकदीने फेकलं. चेंडू विल्सनच्या ग्लोव्ह्जमध्ये आदळला तो आवाज भिंतीवर दार आपटावं तसा होता. मी वॉल्टच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याने हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच दुखत नाही."

"यल्ला, चला, बस झालं आजच्यापुरतं," विल्सन ग्लोव्ह्ज काढत म्हणाला. त्याच्या तळहाताला सूज आली होती. रात्री त्याला बर्फ लावताना मी एकटीच हसत होते. इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

वॉल्ट वसंतात अमेरिकेला गेला. जुन्या कोचने त्याला घेतलं, पण अगदी खालच्या लीगमध्ये, विशीच्या पोरांच्या बरोबरीने. नंतर बरेच महिने काही कळलं नाही. मग एके दिवशी मी ड्युटीवरून घरी आले तर विल्सन दारातच उभा.

"वॉल्टच्या टीममधून फोन होता," तो म्हणाला. "त्याला वर बोलावलंय."

मी पर्स खाली ठेवली आणि क्रूसाची खूण केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा. कशाने गेला?"

"गेला नाही गं," विल्सन म्हणाला. "वरच्या लीगमध्ये बोलावलंय."

तिथे तो पुढचं जवळजवळ दीड वर्ष टिकला. मग पुन्हा खाली गेला, पण या वेळी वयामुळे. खांद्याची तक्रार नव्हती. पुढे तो पिचिंग कोच झाला. सुट्टीत बायकोला घेऊन बहरीनला आला तेव्हा डिपार्टमेंटमध्ये येऊन डॉ. फौझींसमोर त्याने दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. डॉक्टर म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात मला सर्टिफिकेटं बरीच मिळाली. ते बोट त्या सगळ्यांत वरचं.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे खांद्याचा पेशंट आला की मी आधी त्याला बूट-मोजे काढून चालायला लावायचे. बरेच जण चिडायचे. काहींना वाटायचं, बाईंनी चुकून दुसऱ्याच पेशंटची फाइल काढलीय. दहातल्या नऊ जणांचे पाय ठणठणीत निघायचे. दहाव्याला मी पुन्हा एकदा चालायला सांगायचे.