माशांचा खुराक

लग्नानंतर आमच्या मालकांनी कुस्ती सोडली, पण खुराकाचं वेड काही सुटलं नाही. थोरल्या महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात गल्लोगल्ली पैलवान, आणि अंग भरतं ते तूप-बदामानंच, यावर सगळ्यांचं एकमत. मग मासे त्यातून कसे सुटणार?

मालकांनी पंचगंगेतून बोटाएवढी पिल्लं आणून घरामागच्या परड्यातल्या तळ्यात सोडली होती. शेजारचे भाऊजी बघून म्हणाले, "ह्यांची वाढ न्हाय व्हायची." मालक भडकले. पुढच्या दसऱ्यापर्यंत मासे हातभर झाले तर त्यांचंच कालवण साऱ्या गल्लीला घालीन, नाहीतर मिशी उतरवीन, असं पारावर सगळ्यांदेखत बोलून आले. ती मिशी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरातलं तूप आणि वाटलेले बदाम तळ्यात जाऊ लागले. मी काय गप्प बसते?

"अहो, मासं काय जोर-बैठका मारत्यात व्हय?"

ऐकतील तर ना! थोड्याच दिवसांत पाण्यावर तवंग आला, वास सुटला आणि पिल्लं वर येऊन तोंडं वासू लागली. बरीच मेली. मालक काठावर डोक्याला हात लावून बसले. माझा राग गेला नव्हता, तरी पदर खोचून मी बादली आणली.

मग दोघांनी मिळून घाण पाणी उपसलं, विहिरीचं ताजं भरलं. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून गोळे केले. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, तेही एकाच कोपऱ्यात. पहिलं संपल्याशिवाय दुसरं टाकायचं नाही, हा माझा दंडक. हळूहळू मासे अंगानं भरले. मालकांनी पाण्यात हात घातला की धावत यायचे आणि हातातून खायचे. मालक त्यांच्याशी तासन् तास बोलत बसायचे. माझ्याशी कधी एवढं बोलले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालक बाहेरून आले, तर मी ओळखलंच नाही. ओठावर मिशी नव्हती. पारावर सांगून आले होते, "हरलो. मासं न्हाईत वाढलं."

भाऊजींना ते पटेना. ते तडक परड्यात आले. खायची वेळ झालेली, त्यामुळं हातभर मासे कोपऱ्यात गोळा होऊन उसळ्या मारत होते. भाऊजींनी माशांकडं बघितलं, मग मालकांच्या तोंडाकडं.

"आणि मिशी?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाढंल की परत."

भाऊजींनी पेंडीचा एक गोळा उचलून पाण्यात टाकला आणि पारावर कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी मालकांच्या भाकरीवर तूप वाढताना मी हात आखडला नाही.