साडूंचा गंज-सिद्धांत

नागपुरातल्या यच्चयावत माणसांना आतून गंज चढतो आहे, हे ज्ञान आमच्या थोरल्या साडूंना झालं आणि त्या दिवसापासून आमच्या खाण्यातली चव गेली. कळमेश्वरच्या शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते; पण तास संपल्याची घंटा त्यांना बहुधा ऐकूच आली नाही. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्याच्या पानातली भजी बाजूला सारून तिथं आवळा ठेवत. चिरलेलं सफरचंद काळं पडलं की घरभर हाका मारून दाखवत, "पाहा, तुमचं काळीज असंच होऊन राहिलं." खिशात हा गंज रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची डबी असे. गांधीबागेतल्या कापडवाल्यानं भाव सांगायच्या आत त्याच्या हातावर गोळी पडे. वादात हरायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. समोरचा दमून गप्प बसे आणि त्याला पटलं, असं हे धरून चालत.

मागच्या उन्हाळ्यात पित्ताशयातला खडा सरकला आणि माझ्या स्वादुपिंडाला सूज आली. कळ पोटातून निघून थेट पाठीत जाई. उलट्या थांबेपर्यंत दवाखान्यात तोंडानं पाणीही बंद केलं. साडू वाडीतल्या आपल्या घरून डबी घेऊन हजर झाले. या सुजेत पेशींना ऑक्सिडेशनचा मार बसतो, म्हणजे गंजच की, तेव्हा गोळ्या ताबडतोब सुरू करा, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना, जणू फळ्यापाशी उभं करून, बजावलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मार बसतो हे खरं, त्या म्हणाल्या, पण या गोळ्यांनी पेशंट बरा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. यांना सलाइन हवं, कळ थांबवणारं औषध हवं आणि वेळ हवा.

मी डोळे मिटून व्याख्यानाची वाट पाहत होतो.

"मग मी काय करू, मॅडम?" साडूंनी विचारलं. दुसऱ्याला काही विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"जवळ बसा. ओठ सुकतील, ते ओले करत राहा."

ते बसले. कापसाचा ओला बोळा माझ्या ओठांना लावत, दिवसचे दिवस, काहीही न शिकवता. तिसऱ्या दिवशी मला ताप चढला आणि डॉक्टरांच्या फेऱ्या वाढल्या. मी घाबरून म्हणालो, "भाऊ, काही तरी बोला ना."

"काय बोलू गा?" त्यांनी बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. "मले याच्यातलं काहीच समजत नाही."

दोन दिवसांनी ताप उतरला आणि पुढं मी बरा होऊन घरी आलो. साडू हल्ली कमी बोलतात. नातेवाइकांना हायसं वाटतं. मी मात्र कधीकधी त्यांच्यासमोर मुद्दाम काही तरी चुकीचं बोलून पाहतो. ते नुसते हसतात.