हलकी लागणारी गोणी

रत्ना माझी मैत्रीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. पानशेतजवळच्या टेकाडावर पुणेकरांसाठी बंगले बांधतायत, तिथं ती वाळू वाहते. टेम्पो पायथ्याशी थांबतो. पुढची चढण बायकांच्या डोक्यावर. निम्म्या वाटेत छातीइतका उंच कातळ आहे. त्यावर गोणी सरकवायची, दम खायचा, पुन्हा डोक्यावर घ्यायची. वाकावं लागत नाही, उचलू लागायला कुणी लागत नाही.

ठेकेदार विराज जिमला जातो. व्यायामाआधी कडक कॉफी घेतली की श्रम कमी वाटतात, हे त्याला तिथं कळलं. ते खरंही आहे. एका सकाळी त्यानं सगळ्यांना बिनसाखरेची काळी कॉफी दिली.

"माझ्या सासूच्या हातची दिसतीय," पहिल्या घोटाला रत्नाबरोबर वाळू वाहणाऱ्या सखूमावशी म्हणाल्या.

पण गोणी हलकी लागली. रत्नानं मला कौतुकानं सांगितलं. मलाही विराज भला वाटला.

आठवड्यानं वीस किलोंची गोणी पंचवीसची झाली. मग तीसची. मग कातळाशी थांबणं बंद. "दम लागत नाही, तर थांबता कशाला?" तो म्हणायचा.

रत्नाचा गुडघा सुजला. मी तिला वेल्ह्याला डॉक्टरांकडे नेलं.

"कॉफीनं ओझं कमी होत नाही," ते म्हणाले. "जाणवतं कमी. गुडघ्यावर तीस किलो तीसच पडतात."

या बाईकडं स्वतःचं म्हणावं असं दमणं तेवढं होतं. तेही विराजनं काढून घेतलं. वर पेला पुढं करताना हसत होता.

सूज उतरल्यावर रत्ना कामावर निघाली. मीही सोबत गेले. विराजनं पेला पुढं केला.

"नगं दादा. मला वजन कळू दे."

पहिल्याच खेपेला तिनं गोणी कातळावर सरकवली. विराज खाली उतरून आला.

"रत्नाताई, कॉफी घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

रत्ना घाम पुसत राहिली. मागून सखूमावशी आल्या. कॉफी पिऊन आल्या होत्या. त्यांनीही गोणी तिच्या गोणीशेजारी ठेवली.

"मावशी, तुम्हाला तर दमसुद्धा लागला नाही," विराज म्हणाला.

"न्हाई ना लागला. त्याचंच भ्या वाटतंय," मावशी म्हणाल्या. "उद्या हिला घेतली न्हाईस, तर माझीबी वाट बघू नगंस."