नव्या नंबरला तीननं भाग जात नाय

मंडळी, आज उस्मानपुऱ्यात नवं सिम घेतलं. चालू झाल्याबरोबर सवयीनं पहिला फोन अण्णांना लावला.

अण्णा, माझे वडील, गणिताचे मास्तर. घरात कुणाचाही नवा नंबर आला की कागद घेऊन बसायचे. ही मूळ संख्या आहे, की हिला कशानं भाग जातो? शोधताना जेवण विसरायचे.

फोन आईनं उचलला, तेव्हा आठवलं. अण्णा जाऊन महिनाही झाला नाय.

"नवा नंबर घेतलाय," एवढंच म्हणालो. आईला समजलं. म्हणाली, "सांग नंबर."

सांगितला. ती पुटपुटत राहिली.

"अंकांची बेरीज केली. तीननं भाग जात नाय बघ."

"आणि पुढं?"

"पुढचं यांनाच यायचं रे."

मोबाईल क्षणात उत्तर देईल, ठाऊक आहे. नकोय. आम्ही दोघं अजून तीनवरच आहोत.