केसालाही धक्का न लावता

स्टुडिओच्या पाटीवर नाव मालकाचं आहे, पण त्या नावाने स्टुडिओ कुणी ओळखत नाही. सगळे "भिंगमावशीकडचा फोटो" असंच म्हणतात. खरं तर फोटो मावशी काढत नाही, तिचा भाचा काढतो, आणि मालकही तोच. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, लेन्सवर पोटच्या पोरासारखा जीव असलेला माणूस. पूर्वी त्याला या नावाचा राग यायचा. आता तोच गिऱ्हाइकाला सांगतो, फोटो मी काढतो, पण तो तुमच्यासारखा दिसायला हवा असेल तर तिकडे खिडकीपाशी मावशी बसलीय.

मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी ती मेहुण्याच्या या स्टुडिओत कामाला लागली आणि आज त्रेसष्टाव्या वर्षीही त्याच खिडकीपाशी बसते. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असतं. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती सांगते की इतके चेहरे इतक्या जवळून पाहिले की एकही पसंत पडेना. हे खरं की थट्टा, हे भाच्याला अजून कळलेलं नाही.

तिचं मूळ काम निगेटिव्हवरचं. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरून काढायचे. टोक नीट झालं की नाही ते ती तळहाताला टोचून पाहायची. या कामात तिचा एकच नियम होता, मुरूम पाहुणा, तीळ घरचा. पाहुण्याला ती वाटेला लावायची, घरच्याला हात लावायची नाही. एकदा एका वकिलाने हनुवटीवरची चामखीळ काढून टाका म्हणून तासभर युक्तिवाद केला. मावशीने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि चामखीळ जागच्या जागी ठेवली. वकील पाय आपटत गेला आणि पुढच्या वर्षी बायकोमुलांना घेऊन आला.

संगणक आला तेव्हा तिने पन्नाशी गाठली होती. तिच्या हातातला माउस सरकत सरकत टेबलाच्या कडेला जायचा आणि खाली पडायचा, मग ती भाच्याकडे मोठं टेबल मागायची. त्याने मनातल्या मनात हात टेकले होते. पण तीन महिन्यांत ती माणसाच्या कडेने अशी रेघ फिरवायला लागली की माणूस मागच्या भिंतीपासून अलगद सुटून यायचा, कानामागची बट न् बट शाबूत. भाच्याने तोंडात बोटं घातली. मावशी म्हणाली, पेन्सिल काय न् उंदीर काय, हात तोच आहे.

गेल्या वर्षी भाच्याने फोटोच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेतली. तीत एक बटण होतं. ते दाबलं की एआय स्वतःच ठरवतं, माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं, आणि मागचं सगळं महागड्या लेन्समधून काढल्यासारखं धूसर करून टाकतं. मावशीचं अर्ध्या दिवसाचं काम चुटकीसरशी. मावशीला वाईट वाटेल म्हणून भाच्याने दोन दिवस ते बटण तिच्यापासून लपवलं. तिने तिसऱ्या दिवशी ते स्वतःच शोधलं, वीसेक फोटो त्यातून काढून पाहिले आणि वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवलं. चष्म्याची काडी कळत नाही. सायकलचे आरे कळत नाहीत. कमरेवर हात ठेवला तर मधली फट विसरतं.

मग ती म्हणाली, "हुशार आहे रे. पण पाहुणा कोण न् घरचा कोण, ते त्याला अजून ठाऊक नाही. तपासायला माझ्याकडे देत जा."

भाच्याने मान हलवली. महिनाभर दिलेही फोटो तपासायला. मग कामाच्या रगाड्यात एक राहिला, दोन राहिले, आणि कुणाची तक्रार येईना तेव्हा त्याने देणंच सोडलं. मावशीने ते ओळखलं होतं, पण बोलून दाखवलं नाही.

अशात वाचनालयातली बाई आली. वर्षभर ती आजारी होती, औषधांनी डोक्यावरचे सगळे केस गेले होते, आणि महिन्यापूर्वी ती डोक्याला रुमाल बांधून पुन्हा काउंटरवर बसायला लागली होती. तिची आई दूर दुसऱ्या गावी राहायची. गुडघ्यांनी जखडलेली, हातात बटणांचा साधा फोन. लेक रोज सांगायची, आई, मी बरी आहे. आई म्हणायची, फोनवर तू वर्षभर बरीच आहेस, केस आलेले दाखव, मग मानीन. म्हातारीने लेकीच्या काळजीने अन्न सोडलं होतं. शनिवारी पाचच्या गाडीने भाऊ आईकडे निघणार होता. त्याच्याबरोबर फोटो जायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी भाच्याने वाचनालयातच फोटो काढला, कारण आईला लेक कामावर बसलेली दिसायला हवी होती. बाईने रुमाल सोडला. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. केस बोटाच्या पेराएवढेही नव्हते, पिल्लाच्या पिसांसारखे मऊ आणि विरळ, पण खिडकीतून आलेल्या उन्हात डोक्याच्या कडेने ते लखलखत होते. मागे मात्र लोखंडी मांडण्या, फरशी पुसायची बादली, भिंतीवरच्या सूचना. हे सगळं धूसर करता येईल ना, असं तिने विचारलं, आणि मग चाचरत, केस दिसतील ना.

"ताई, केसालाही धक्का लागणार नाही," भाचा म्हणाला. कोटी जमली म्हणून तो स्वतःवरच खूश झाला. बाईही हसली, किती दिवसांनी कोण जाणे.

शनिवारी दुपारी बाराला ती फोटो न्यायला आली. भाच्याने मोठ्या दिमाखात पाकिटातून काढून दिला. मागच्या मांडण्यांचं तपकिरी धुकं झालं होतं, बादली कुठल्या कुठे गेली होती. बाईने फोटो बराच वेळ पाहिला. मग हळूच म्हणाली, छान आलाय. आणि पिशवीतून रुमाल काढून ती डोक्याला बांधायला लागली.

तेव्हा कुठे भाच्याने फोटो नीट पाहिला. डोक्याची कड वाटीसारखी गुळगुळीत होती. उन्हात चमकणारे ते केस एआयने मागचं समजून धुक्यात मिसळून टाकले होते. तो माफी मागायला लागला. बाईच उलट त्याची समजूत घालत होती, राहू द्या, आईला काहीतरी सांगेन.

मावशी खिडकीजवळून उठली. तिने फोटोवर भिंग धरलं, मग भाच्याकडे पाहिलं. "शब्द देऊन विसरायचं, यालाच केसाने गळा कापणं म्हणतात," ती त्याला म्हणाली. बाईला तिने पाचच्या गाडीची वेळ विचारली आणि साडेचारला स्टँडवर थांबायला सांगितलं.

मूळ फोटो उघडला तर केस होते, पण मागच्या पुस्तकांच्या गर्दीत हरवलेले. तो तसाच देण्यात अर्थ नव्हता. पुन्हा काढावा तर वाचनालयातलं ऊन केव्हाच सरकलेलं. घायकुतीला आलेला भाचा म्हणाला की आणखी एक बटण आहे, ते दाट केस घालून देतं, कुणाला कळणार आहे.

"आईला कळेल," मावशी म्हणाली. "उसने नकोत. तिचे जेवढे आहेत तेवढेच द्यायचे."

आणि ती बसली. मूळ फोटोतला एकेक केस शोधायचा आणि संगणकाला जोडलेल्या पेनाने तेवढाच त्या धुक्यातून वर काढायचा. पडद्यावर फोटो हवा तेवढा मोठा करता येतो, तरी तिने सवयीने भिंग लावलंच. एरवी भाचा यावरून तिची टर उडवतो. त्या दिवशी तो मागे स्टुलावर गप्प बसून होता. तिचा हात थरथरतो हे त्याला माहीत होतं, कपातला चहा बशीत सांडतो हेही. पण पेन टेकलं की थरथर थांबायची. त्याला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि स्वतःची लाजही तेवढीच वाटली.

चार वाजून दहा मिनिटांनी तिने पेन खाली ठेवलं. डोक्याभोवती पुन्हा ती बारीक, उभी, चमकती कड होती. विरळच, पण तिची. भाच्याने प्रिंट काढली आणि पोट सांभाळत स्टँडपर्यंत स्वतः धावला. गाडी लागली होती. बाईने फोटो पाहिला, त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि भावाच्या हातात दिला.

पुढे आठवडाभर काही कळलं नाही. भाचा आता बटण दाबलेला प्रत्येक फोटो न सांगता मावशीच्या टेबलावर नेऊन ठेवत होता, आणि मावशी भिंग लावून तपासत होती. आठव्या दिवशी बाई आली. डोक्याला रुमाल नव्हता. तिने मावशीच्या टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली आणि म्हणाली की आईने भावाबरोबर पाठवलंय, फोटो बघून.

मावशीने पुडी उलगडली. आत नवाकोरा कंगवा होता.

"आणि निरोप आहे," बाई म्हणाली. "गुंता व्हायला लागला की कळव."