आतून लावलेलं कुलूप

शेजारच्या रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. "ताई, भाऊंचं दार उघडंना," एवढंच म्हणाले. पुढचं जालन्याला पोचल्यावर कळलं. दार आतून कुलूपबंद, माझा मोठा भाऊ जमिनीवर पडलेला, आणि वहिनी खिडकीतून सगळ्यांना दटावत होती, हळू बोला, झोपलेत म्हणून. कुलूप जुन्या काळचं, दारालाच जडवलेलं, त्यानंच दुरुस्त केलेलं. चार जणांच्या धक्क्यांनाही बधलं नाही. शेवटी सुतारानं कुलूप तसंच ठेवून दाराची फळी कापली. किल्ली भाऊच्या सदऱ्याच्या खिशात होती... महिना उलटून गेला, पण त्या कुलपाचा राग काही जात नाही.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर भाऊनं हा नाद लावून घेतला. जुनी घरं पाडली की दारं भंगारात जायची, हा त्यांची कुलपं काढून आणायचा. घासलेटात आठ-आठ दिवस बुडवून ठेवायचा. टेंभुर्णीपासून लोक किल्ली हरवलेली कुलपं घेऊन यायचे, पण त्यानं एकही कधी फोडलं नाही. घाई केली की म्हणायचा, गंजाला जल्दी चालत न्हाई. मी चिडवायचे, दुसऱ्यांची दारं उघडत बस, स्वतः मात्र घराबाहेर पडू नको!

मंग वहिनीचं विसरणं सुरू झालं. मूलबाळ नाही, घरात दोघंच. दोन वर्षांपूर्वी मी भेटायला गेले तेव्हा दाराला आतून कुलूप बघून माझं डोकंच फिरलं. बायकोला कोंडतोस, लाज वाटत न्हाई का, म्हणून नको नको ते बोलले. त्यानं कुलूप उघडलं. दुपारी आमचा डोळा लागला आणि वहिनी गायब. संध्याकाळी बसस्टँडवर सापडली, पायात चप्पल नाही, केदारखेड्याच्या गाडीत चढू द्या म्हणून कंडक्टरशी भांडत होती. तिचं माहेर ते. घरी आणल्यावर भाऊनं कुलूप लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शकू, तिला कुठं जायचं ते म्हाईत न्हाई. मला म्हाईतंय, पण मला जाता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी परभणीला निघून आले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं होतं.

तेराव्याला आलेले सगळे म्हणत होते, सुटला बिचारा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो सुटला, अन् मी? माझं घर आहे, गुडघ्यांनी आडवे झालेले आमचे हे आहेत. वहिनीसाठी एक संस्था बघितली. सोमवारी गाडी येणार होती. तिच्या चार साड्या भरल्या, स्वतःची पिशवीही भरली.

रविवारी दुपारी वहिनीनं चिमणी पेटवली. मी धावलेच. तिनं शांतपणे एक अर्धवट किल्ली ज्योतीवर धरली. काजळी धरलेली किल्ली कुलपात फिरवायची, आत जिथं टेकते तिथली काजळी पुसते, तेवढंच कानशीनं घासायचं, ही भाऊची रीत. काळी करून द्यायचं काम तिचं. किल्ली ह्याच घराच्या दाराची होती. रफिकभाई म्हणाले, दुसरी किल्ली करून तुमच्याकडे ठेवतो, असं भाऊ म्हणून राह्यले होते. तेवढीच राहून गेली.

तिनं ती माझ्या हातात दिली. "बघा बरं, कुठं अडून राह्यलं."

वहिनी, मी शकू, म्हटलं. तिनं बोटानं दाराकडे दाखवलं. मी किल्ली फिरवली. दोन जागी काजळी पुसली होती. कानस घेतली, चार हात मारले. तिनं परत काळी करून दिली. दिवेलागणीपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

संस्थेला फोन केला, एवढी किल्ली होऊ द्या, मग गाडी पाठवा. ह्यांनाही तेच सांगितलं. फोन ठेवून भाऊला शिव्या घातल्या आणि पोटभर रडले.

भाऊला एका किल्लीला चार दिवस पुरायचे. मला पंधरा झाले. आता ती जवळजवळ फिरते. वहिनी रोज दुपारी चिमणी पेटवते, आणि मी कानस मुद्दाम हळू चालवते.